व्याह्यांचे पाय आणि बादली नंबर एक

आमच्या घरात पाण्याला नंबर होते.

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि गोंदियातल्या आमच्या गल्लीत नळ पाच दिवसांतून एकदा, तोही अर्धा तास, येऊ लागला. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या नेटक्या केल्या; घरचे पाणी का सोडावे? मोरीत झाकणाच्या चार सारख्या बादल्या मांडल्या. एक : स्वच्छ. दोन : तांदूळ धुतलेले, भांड्यांसाठी. तीन : अंघोळीचे, फरशीसाठी. चार : कपड्यांचे, संडासासाठी. फ्रिजवर तक्ता लावला आणि खाली सही केली. (घरात आम्ही दोघेच. तरी सही!)

अशात बोदलकसाकडच्या व्याह्यांचा (इकडच्या बोलीत इवायांचा) फोन आला. मुलीच्या लग्नानंतर ते पहिल्यांदाच घरी येणार होते. शिवाय पिकअपमध्ये त्यांच्या विहिरीच्या पाण्याचे दोन ड्रम!

"दोन ड्रम!" माझी बायको सुनंदा जागीच उडाली. "आता मी डोक्यावरून न्हाईन! पंधरा दिवस झाले हो!"

व्याह्यांसाठी मी नवी लाल सतरंजी आणली आणि आदल्या दिवशी स्वतः धुतली. तिने भरपूर रंग सोडला. पाणी मात्र मी सोडले नाही. कपड्यांच्या बादलीत जपून ठेवले.

सकाळी तक्त्यावर अखेरची नजर टाकली, तिथेच चुकलो. छपाईआधी क्रम बदलायची माझी जुनी खोड! ज्याची गरज सर्वांत मोठी, ते पहिल्या क्रमांकावर हवे. म्हणून संडासाचे पाणी एक केले, स्वच्छ चार. झाकणांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, बादल्या नव्या क्रमाने लावल्या. सुनंदाला सांगायचे तेवढे राहिले.

अकराला पिकअप दारात!

"राम राम इवाई! पाणी आणलं, पोटभर प्या!"

"आधी पाय धुवा," मी म्हणालो. आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घालणे आमच्याकडे दुष्काळातही चुकत नाही.

"इवायाच्या पायावर अंघोळीचं पाणी टाकान तुमी!" सुनंदा कानात फुसफुसली. "थांबा, नंबर एक आणते."

तिने मोरीतल्या अंधारात घाईघाईने तांब्याचा लोटा बुडवून आणला. तांब्याच्या भांड्यात लाल रंग दिसतो कुठे! व्याह्यांच्या चेहऱ्याकडे हसून पाहत मी मनापासून धार धरली. पहिलीच खेप, म्हणून आणखी एक लोटा ओतला.

व्याह्यांनी खाली पाहिले. "इवाई... माह्ये पाय काऊन लाल होऊन राहिले?"

भेगाळलेल्या टाचा वर्षभराच्या तहानेने रंग पीत होत्या. घोट्यापर्यंत साक्षात नवरदेव!

"नंबर एकच होतं हो!" सुनंदा किंचाळली.

"तेच तर. आता एक म्हणजे चार."

"म्हंजे?"

"सकाळी क्रम बदलला मी."

"अवो, मले सांजच्याले सौंदडले लग्नात जायचं हाय!" व्याही ओरडले. "लोकं म्हनतीन, म्हातारा बोहल्यावर चढून राहिला! काढा हे!"

साबण आला. नारळाची शेंडी आली. घरातली स्वच्छ बादली संपली, पाय डाळिंबी. पहिला ड्रम उघडला. मी पायरीवर बसून घासतोय, सुनंदा ओततेय, गल्ली जमलेली!

"काकाजी, पानी कायले उडवून राहिले?" शेजारीण कडाडली. "पेपरात तर लिहत होते, पानी वाचवा म्हनून!"

"उडवत नाही, टबात धरतोय!" मी तत्त्वाला घट्ट होतो.

दुसरा ड्रम संपला तेव्हा पाय गुलाबी होते. सुनंदाने ड्रमच्या तळाशी एकदा पाहिले आणि सोडलेले केस पुन्हा बांधून टाकले.

व्याही मात्र दिलदार. भर उन्हात माझे मोजे चढवून, वर चपला घालून निघाले. "येतो इवाई. पुढच्या टायमाले पाय घरूनच धुऊन येईन!"

ते गेल्यावर मी टबांतले पाणी मोजले आणि तक्त्यात पाचवा क्रमांक वाढवला : 'व्याह्यांचे'. उपयोग काय, ते सुचेना. ती जागा कोरी ठेवून आत गेलो.

परत आलो तर सुनंदाने लिहिले होते : 'नळ येईपर्यंत यांच्या अंघोळीसाठी.'

खाली सही होती.