मामाचा ‘इस्पीट’ क्लब

माझ्या मामाचा संसार एका कार क्लबमुळे मोडता मोडता राहिला.

आज वसंतमामाला जाऊन एक वर्ष झालं. रडकी पोस्ट लिहिणार नाही. त्याला आवडली नसती.

रामनगरला त्याचं जीप-ट्रॅक्टर रिपेअरचं गॅरेज होतं. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मोबाईलला रेंज हवी तर टेकडीवर जावं लागायचं.

बेळगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या शेडमध्ये एक लाल, दोन सीटांची, बिनछपराची स्पोर्ट्स कार धूळ खात पडली होती. मामाने ती टेम्पोत घालून आणली आणि दोन वर्षं खपून चालू केली.

गाडी इतकी बुटकी की शेजारून म्हैस गेली तर मामाला तिचं पोट दिसायचं.
आणि रस्ते आमच्या जोयडा तालुक्याचे. पावसाळ्याचे चार महिने ती शेडमध्येच.

धारवाड-बेळगावकडच्या अशा गाडीवाल्यांचा एक क्लब होता. त्यांचा फॉर्म आला. मामाने मला विचारलं, जॉईन करू की नको? मी बेळगावात कॉलेजला होते, म्हणजे त्याच्या दृष्टीनं शहाणी.

मी तोंडावर सांगितलं, मामा, ती मोठी माणसं. हॉटेलात जमणार, गाडीला टेकून फोटो काढणार, तुझे ग्रीसचे हात बघून नाकं मुरडणार. तुला त्यातून मिळणार काय?

मामा म्हणाला, "अगं, ह्या गाडीबद्दल बोलायला हितं मला एक माणूस न्हाई. ट्रॅक्टरवाल्यांशी किती बोलू?"

आणि फॉर्म भरून टाकला.

इथे गोची झाली.

आमच्या भागात क्लब म्हणजे एकच, पत्त्यांचा अड्डा. आणि पत्त्यांना आम्ही म्हणतो इस्पीट.

शेजारच्या सावित्रक्कानं कुणाच्या तरी तोंडून ‘स्पोर्ट्स क्लब’ ऐकलं. मामीपर्यंत पोचेपर्यंत त्याचं ‘इस्पीट क्लब’ झालं होतं.

शांतामामीच्या वडिलांचं सगळं आयुष्य पत्त्यांत गेलेलं. लग्न ठरताना तिनं मामाला एकच अट घातली होती, इस्पिटाला हात लावायचा नाही.

मामा परोपरीनं सांगत होता की हा गाड्यांचा क्लब आहे. पण मामा जन्माचा थापाड्या. सुपा धरणात मगरींची शाळा भरते असं त्यानं मला लहानपणी सांगितलं होतं, आणि मी ते वर्गात सांगून छड्या खाल्ल्या होत्या. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

मामी एवढंच म्हणाली, "गाड्यांचा कुठं क्लब असतोय व्हय?"

पिशवी भरली आणि गुंद गावाला भावाकडे निघून गेली. इस्पीट खेळणाऱ्याच्या घरात परत पाऊल टाकणार नाही असं सांगून.

तीन आठवडे झाले. मामा दोनदा जाऊन आला. ती बाहेरच आली नाही.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिल्यांदाच तो थट्टा करत नव्हता. "ती न्हाई आली तर मी त्या गाडीला काय चाटू?" मला फार वाईट वाटलं. मी सांगितलं होतं, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

क्लबची पहिली मीट गणेशगुडीला होती, काळी नदीच्या काठावर. शेजारची सीट रिकामी, म्हणून मामाने मला नेलं.

समोर इडली-चटणी, आणि मामा नुसता प्लेटकडे बघत बसलेला. क्लबच्या सेक्रेटरी म्हणजे धारवाडच्या दातांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या बाई. त्यांनी विचारलं काय झालं, आणि मामाने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता सगळे हसणार.

बाईंनी हात पुसले आणि विचारलं, गुंदचा रस्ता कुठून जातो?

नऊ बुटक्या गाड्या गुंदच्या रस्त्यावर. दर फर्लांगाला कुणीतरी उतरून दगड बाजूला करतंय. ब्रँडेड शूज लाल मातीत. हॉटेलात बसून फोटो काढणारी म्हणून ज्यांची मी टिंगल केली होती तीच ही माणसं.

गावाला वाटलं पिक्चरचं शूटिंग आलंय.

मामी अंगणात भात वाळत घालत होती. मामा गाडीमागून पुढे येईना. बाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, "ताई, आमच्यात कुणीही पत्त्यांसाठी जमत नाही."

मामीने नऊच्या नऊ गाड्यांवरून नजर फिरवली.

"मग तुम्ही जमून करताय तरी काय?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. शेवटी बाई म्हणाल्या, "खरं सांगू? एकाची गाडी बंद पडली की बाकीचे ढकलतात. घरचे आमच्या गाड्यांना कंटाळलेत, म्हणून एकमेकांशी बोलतो."

मामीने पदर तोंडाला लावला. हसू लपवायला, हे मला बाजूने दिसलं. मग तिने सगळ्यांना कोकमचं सरबत दिलं आणि पिशवी भरायला आत गेली.

निघताना मामाचीच गाडी सुरू होईना. सगळ्यांनी ढकलली. मामी शेजारच्या सीटवर बसलेली, ती काही उतरली नाही. मी डॉक्टरबाईंच्या गाडीतून परतले.

त्यानंतर मामीने एकही मीट चुकवली नाही. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची बायपास झाली, सगळं तिला पाठ.

मामा गेला तेव्हा मी तिला जपून सांगितलं, मामी, स्वतः गाडी चालवणाऱ्यालाच सभासद राहता येतं, असा क्लबचा नियम आहे. गाडी घ्यायला एक जण तयार आहे, चांगली सांभाळेल.

मामी म्हणाली, "नियम बरोबर हाय त्यांचा."

मला वाटलं विषय संपला.

काल तिचा फोन आला. बासष्टाव्या वर्षी बाईसाहेब महिनाभर मामाच्या जुन्या मेस्त्रीकडून ड्रायव्हिंग शिकतायत. काल पहिल्यांदा एकटीनं मामाची लाल गाडी शेडबाहेर काढली. तुळस वाचली, कुंपण गेलं.

"पुढच्या मीटला मी येणार म्हणून कळव त्यांना," म्हणाली.

मामा, मी चुकले होते. तू जॉईन केलास ते फार बरं केलंस.
तुझी खूप आठवण येते.
कुंपणाचं आम्ही बघतो. तू निवांत झोप.