चंपीचा घास

रंगनाथनं उभी हयात स्वारगेटच्या डेपोत गाड्यांखाली पाठीवर पडून काढली, पण असा बिघाड कधी बघितला नव्हता. विश्रांतवाडीच्या खोलीत, खिडकीखालच्या काचेच्या पेटीत चंपी निपचित पडली होती. चंपी म्हणजे बिबट्यागत ठिपक्यांची परदेशी पाल. लेक अपेक्षा नोकरीला बंगळुरास गेली आणि पाल बापाच्या गळ्यात घालून गेली. या जातीची सगळी चरबी शेपटीत. अंगठ्याएवढी शेपटी वाळून पेन्सिलीगत झाली होती.

चंपीला जिती अळीच लागे. वळवळत नाही ते ती हुंगतही नसे. म्हणून रंगनाथनं टबात गव्हाचा कोंडा घालून पिवळ्या अळ्या पोसल्या होत्या. मागच्या आठवड्यात ताजा कोंडा ओतला, आणि बघता बघता सगळ्या काळ्या पडून ताठल्या.

"कोंड्याला काय केलंस?"

त्याची बायको गोदाबाई पिंपात वर्षाचे गहू भरत होती. हात बोरिक पावडरीनं पांढरेफटक. "गव्हासंगं त्यालाबी चोळली. न्हाईतर किडं हुत्यात."

"अगं, किड्यांसाठीच हाय त्यो कोंडा!"

गोदाबाईचा हात पिंपातच राहिला.

रंगनाथ डबा घेऊन सुटला. पाळीव प्राण्यांच्या दुकानातला योगेश म्हणाला, "काका, उन्हानं पार्सलमध्येच माल मेला. पुढच्या वीकला बघू."

"तवर ती मरंल की!"

योगेश दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

कसबा पेठेतल्या भुसार दुकानात रंगनाथनं किडलेलं धान्य मागितलं. मालकानं चष्म्यावरून बघितलं. "आमच्याकडे नाही. समोर विचारा. आणि मिळालं तर येऊन जरा मोठ्यानं सांगा, गिऱ्हाइकं ऐकतील."

आळंदी रस्त्याकडेच्या वावरात नाकतोडे टणाटणा उडत होते. तो वाकला, तर पाठीवर पंप बांधलेला गडी ओरडला, "हात लावू नका बाबा, औषध मारलंया!"

रिकाम्या डब्यानं तो घरी आला. चंपी मानही उचलेना.

"पोरीला काय सांगू आता?" तो पेटीपुढं मटकन बसला.

गोदाबाईनं स्टूल ओढलं. मग म्हणाली, "आधी दार लावा."

स्टुलावर चढून तिनं माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला डबा काढला. आत जुनी बाजरी. जाळी धरलेली, आणि जाळीत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. शेजारच्या सोजरबाईच्या पिठात एक सोंडा दिसला तर वर्षभर टोमणे मारणारी ही बाई!

"पावडर लावायची ऱ्हाऊन गेली हिला," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "कचऱ्यात टाकायची तर सोजरी बघंल."

रंगनाथनं चिमट्यात अळी धरून चंपीच्या तोंडापुढं हलवली. काही नाही. परत हलवली. डोळा किलकिला झाला, जीभ आली, गेली. आणि जबडा मिटला. अर्धी अळी बाहेर लोंबत राहिली. मग तीही आत गेली.

गोदाबाईनं डब्याला वाऱ्यासाठी फडकं बांधलं.

"ही बाजरी निवडायची न्हाई," ती म्हणाली. "आन् दार लावल्याबिगर डबा काढायचा न्हाई."