पिशवीसकट भाव

"लिवा मॅडम. लाभ..." असं म्हणून काका माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवायचे. मग भाव सुरू. तांदूळ पाच किलो, साडेबावीस. तूरडाळ, साडेसात. कांदा, सव्वातीन. अंगठा पेरापेराने वर सरकायचा आणि मी कीबोर्डवर बोटं आपटत त्यांच्यामागे धावायचे.

पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, ही आपल्याकडच्या धान्यबाजारातली जुनी रीत. ती मी पुण्यात कधी ऐकली नाही. ऐकली ती आखातात, फुजैरातल्या एका सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर, एसीत बसून.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर त्यांना नक्की पाहिलं असेल. कांद्यांच्या ढिगासमोर हात पाठीशी बांधून, काहीच विकत न घेता उभा असलेला पंचावन्न-छप्पन्नचा माणूस. तुम्हाला वाटलं असेल, बायकोने पाठवलंय आणि काय आणायचं ते विसरला बिचारा. बायको बार्शीकडे होती, आणि हा माणूस काहीही विसरत नसे.

त्यांचं काम तेच होतं. दुसऱ्यांच्या दुकानांत जायचं, भाव पाहायचे आणि येऊन मला सांगायचे. एक दुकान फुजैरातच, अगदी आमच्या समोर, एक शेजारच्या खोर फक्कानला आणि महिन्यातून एकदा हद्दीपलीकडे ओमानमधलं एक. तिथे कंपनीचा भाजीचा ट्रक जायचा, त्यात हे ड्रायव्हरशेजारी. दुसऱ्याच्या दुकानात फोटो काढू देत नाहीत, कागद-पेन काढलं तर गार्ड येतो. म्हणून सगळं डोक्यात. अंगठा सोडून एका हाताला बारा पेरं, दोन हातांना चोवीस. आमच्या यादीत वस्तूही चोवीसच. प्रत्येक पेराची वस्तू ठरलेली, तिच्यावर त्यांनी त्या दिवसाचा भाव बसवायचा.

मी एमबीए. किमती ठरवणं हा माझा अभ्यासाचा विषय. सुरुवातीला मी त्यांच्या मागोमाग जाऊन चार-पाच भाव चोरून तपासून आले. एकही आकडा चुकला नव्हता. आल्यावर ते म्हणाले, "मॅडम, दह्यापाशी लई वेळ थांबला तुम्ही. दह्याचा भाव बरोबर हाय." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ओमानचे भाव रियालात. ते ट्रकमधून उतरायच्या आधी त्यांचे दिरहम झालेले असायचे. "धापट करायचं, त्यातनं निम्मं रियाल वजा. झालं." वर, मी पुणेकर म्हणून, माझ्यासाठी रुपयांतही. कांदा सव्वातीन, म्हणजे पंच्याहत्तर रुपये किलो. मग स्वतःच हळहळायचे, "आमच्याकडं एवढ्यात चार किलो येतोय." शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करून घेतलेले. त्या शाळेत ते पाचवीपर्यंत गेले होते.

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. माझ्या मुलाने, तो तेव्हा नऊ वर्षांचा, कॅल्क्युलेटर घेऊन त्यांची परीक्षा घेतली आणि हरला. "हाऊ डू यू डू दॅट?" त्यांना प्रश्न कळला नाही, पण त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि एकेका पेराला हळूच दाबून दाखवलं. पोरगं जेवण होईस्तोवर हात धुवायला तयार नव्हतं.

समोरच्या दुकानाचाही असाच एक माणूस आमच्याकडे यायचा. बांगलादेशी, तोही डोळ्यांनीच काम करणारा. दोघे शुक्रवारी एकाच कॅफेटेरियात समोसा खायचे. मी विचारलं, "काय बोलता हो तुम्ही?" म्हणाले, "मुलाबाळांचं. धंद्याचं न्हाई बोलत. तो त्याच्या मालकाचा, मी माझ्या."

त्यांचे वडील बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्याने आणलेलं धान्य मापाड्याने मोजायचं आणि व्यापाऱ्याने घ्यायचं, असा तो मामला. वडिलांचं एक वाक्य ते वरचेवर सांगायचे: "मापाड्याचा हात कुणाचाच नसतो. शेतकऱ्याचा न्हाई, व्यापाऱ्याचा न्हाई." ते स्वतः बावीस वर्षांपूर्वी आले ते परांचीवर काम करायला. मग आमच्याकडे ट्रॉल्या ढकलल्या, मग हे. मनात एकच होतं: गावाकडच्या रस्त्याला स्वतःचा वजनकाटा टाकायचा. आख्खा ट्रक तोलणारा. जागा घेतलेली होती. "आजून दोन वरसं, मॅडम. इन्शाल्ला." हे दोन वर्षांचं गणित त्यांनी इतक्या वेळा मांडून दाखवलं होतं की मलाही पाठ झालं होतं.

मग पिशव्यांचा नियम आला. फुकटच्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद. कुणी कागदी ठेवल्या, कुणी कापडी, प्रत्येकाने आपापला दर लावला. समोरच्यांची कागदी पिशवी पन्नास फिल्सला, म्हणजे अर्ध्या दिरहमला. ओमानवाल्यांची शंभर बैसांना, तीही दिरहमच्या आतच. आमच्याकडे फक्त जाड, छापील, पुन्हा पुन्हा वापरायची पिशवी. दोन दिरहम.

त्याच सुमारास आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मनात पाटी आली. 'पूर्व किनाऱ्यावर सर्वांत स्वस्त' अशी, दारावर, अरबी, इंग्रजी आणि हिंदीत. ती लावायची तर त्या आठवड्याची ताजी यादी लागणार होती. आज ती पाटी तिथे नाही. चोवीस वस्तूंची बेरीज आमच्याकडे एकशे शहाऐंशी दिरहम चाळीस फिल्स, समोर एकशे अठ्ठ्याऐंशी नव्वद. अडीच दिरहमने आम्ही खाली. खोर फक्कान आणि ओमान दोन्ही आमच्या वरच. साहेब खूश.

काकांनी भाव सांगून झाल्यावर अंगठा उचलला नाही. "पिशवी लिवा," म्हणाले.

"काका, पिशवी यादीत नाहीये."

"मग घाला. एवढ्या सामानाला तीन पिशव्या लागत्यात. आपल्या सहा दिरहम, त्येंच्या दीड. आपण खाली न्हाई मॅडम, दोन दिरहमनं वर हाय."

मी हिशेब केला. बरोबर होता. तरी मी म्हणाले, "लोक घरून आणतात हो पिशवी. गाडीच्या डिकीत असते."

"ज्येंच्याकडं डिकी हाय त्येंच्या." त्यांनी मला खिडकीशी नेलं. खाली साइटवरून सुटलेली बस थांबली होती. माणसं आमच्या दारातून बाहेर पडत होती. एकाने सेफ्टी हेल्मेट उलटं धरलं होतं, त्यात टोमॅटो आणि वर अंडी. दुसऱ्याने शर्टाच्या ओच्यात कांदे घेतले होते. तिसरा हनुवटीखाली ब्रेड दाबून चालला होता. हे मी रोज पाहत असणार, माझी खिडकीच ती. दिसलं त्या दिवशी. "दोन दिरहममदी अर्धा किलोच्या वर कांदा येतोय," ते म्हणाले. "दारात पोचंल तो भाव. दुकानात ऱ्हाईला तो भाव न्हवं."

मॅनेजरसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. मला कागदासह उभं केलं.

"चाचा, बैग कोई आयटम नहीं है. बैग तो फैसिलिटी है."

"साब, मैं बोलेगा तो पूरा बोलेगा. आधा नहीं बोलता."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हते ते, त्यांच्याही वर कुणीतरी होतं. "आपके वीज़ा का रिन्यूअल मेरे टेबल पे है. दो साल. मैं आज साइन करता हूँ, आप भी इस हफ्ते का ताज़ा लिस्ट दे दो. यल्ला, खलास."

मी काकांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता होकार देतील. खरं सांगायचं तर मला हवं होतं की त्यांनी द्यावा. दोन दिरहमच्या पिशवीपायी ट्रक तोलायचा काटा घालवायचा, हा कुठला शहाणपणा?

"लिस्ट नहीं बनेगा साब," ते म्हणाले आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले.

त्यानंतर चार दिवस ते रोज फेरीला गेले आणि रोज परत आले. "पिशवी लिवणार?" एवढंच विचारायचे. मी नाही म्हणून मान हलवली की म्हणायचे, "मग ऱ्हाऊ द्या," आणि चहा प्यायचे. सगळे भाव माझ्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्या दोन पंजांत बसलेले, आणि माझा कागद कोरा. माझा जीव मेटाकुटीला आला. मी चिडले त्यांच्यावर, तसं बोलूनही दाखवलं. "काका, तुम्हाला कुणी सांगितलंय एवढं ताणायला?" त्यांनी शांतपणे चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

पाचव्या दिवशी मी स्वतः गेले. समोरच्या दुकानात डाळींपाशी मोबाइल काढला आणि गार्डने पकडलं. "मॅडम, फोटो मना है," आणि मग हळूच, "चाचा बीमार है क्या?" मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि आठवायला लागले. नऊ भाव आठवले, त्यातले दोन बहुधा चुकीचे. माणूस तीन दुकानांचे बहात्तर भाव सांभाळतो, ते खायचं काम नव्हे, हे मला तेव्हा पुरतं कळलं.

मग मी काय केलं? मागची यादी काढली, इकडचा तिकडचा फेरफार केला आणि दिली. पाटी लागली. लाज वाटली, पण पगारही वेळेवर आला. काकांनी येता-जाता ती पाटी पाहिली असेल. मला एका शब्दाने विचारलं नाही. महिनाअखेरीला त्यांचं रिन्यूअल झालं नाही.

जायच्या दिवशी सकाळी दहाला ते ऑफिसात आले. घडीच्या रेघाही न मोडलेला नवा शर्ट, खाली दोऱ्यांनी आवळलेली बॅग ठेवून आलेले. संध्याकाळी शारजाहून विमान होतं. मला वाटलं, निरोप घ्यायला आलेत. मी उठून उभी राहिले.

"बसा. लिवा," ते म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांनी ओमान केलं होतं. भाजीच्या ट्रकवाल्याला गाठून, शेवटचं, आता त्यांचा काही संबंध नसताना. त्या दिवशी सकाळीच शेअर टॅक्सीने खोर फक्कान आणि येताना समोरचं दुकान. पगार बंद झालेला, काटा राहिलेला, आणि हा माणूस डोळे मिटून मला दुधाच्या पावडरीचा भाव सांगत होता. मी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. बहात्तर भाव झाले.

"आता पिशवी," ते म्हणाले. "समोर, पन्नास फिल्स. खोर फक्कान, एक दिरहम. वमानला शंभर बैसा, म्हंजे पंच्याण्णव फिल्स. आपली, दोन दिरहम."

माझी बोटं थांबली होती. काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते. माझाही व्हिसा याच कंपनीचा, मुलाची शाळा इथलीच. काकांनी डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं नाही, मी लिहिलं की नाही ते विचारलं नाही.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "आता ते तुमच्याकडं आलं."

मी खाली टॅक्सीपर्यंत गेले. वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी झटकन पाय मागे घेतले, "आवो मॅडम, रस्त्यात काय." टॅक्सी चौकातून वळली आणि मी वर आले.

चार ओळी टाइप करायला अर्धा मिनिट लागतो. मला दुपारचे तीन वाजले. यादीखाली बेरीज पिशवीसकट बदलली, 'तपासणारे' या रकान्यात माझं नाव घातलं आणि साहेबांना पाठवली.

ते पाचच मिनिटांत बाहेर आले. "ये बैग का किसने बोला?" त्यांनी विचारलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

"मैंने, सर," मी म्हणाले.