आता तू मला सांग

सिंधूताई गेल्याचं निखिलनं फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. "काकू, आई गेली," एवढंच. 'एक्स्पायर झाली' नाही की 'आपल्यात राहिली नाही' नाही. आईचा मुलगा शोभतो खरा... असं त्याही क्षणी मनात आलं. आता पाच आठवडे झाले, तरी विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाच्या हातात तपासणीची फाइल दिसली की माझी नजर आधी तिच्या गॅलरीकडे जाते.

सरकारी रुग्णालयात तीस वर्षं नर्स म्हणून काढून ती निवृत्त झाली आणि मग तिची खरी ड्यूटी सुरू झाली. संध्याकाळची वंदना आटोपली की गॅलरीत ती खुर्चीवर आणि समोरच्या निळ्या स्टुलावर रिपोर्ट घेऊन आलेला माणूस. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चित्र काढून ती समजावायची आणि शेवटी पेनाला टोपण लावून म्हणायची, "आता तू मला सांग, तुला काय झालंय." स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत सुटका नसे. औषधाचं मात्र ती कधी सांगत नसे. "ते डॉक्टरांना विचार. पण काय विचारायचंय ते इथून ठरवून जा."

माझ्या वडिलांच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' असं लिहून आलं तेव्हा मी, विज्ञान शिकवणारी बाई, रडत तिच्याकडे गेले. घरात बाबा पोहे खात होते आणि शेजारी मी त्यांच्या नावानं गळा काढला होता. ताई म्हणाली, "मास्तरीणबाई, बंद नाही पडलंय, दमलंय. रक्त पुरेसं ढकलता येत नाही, म्हणून पाणी साचतं, पाय सुजतात. मिठानं ते आणखी साचतं." मग बाबांनाच स्टुलावर बसवून तिनं त्यांच्याकडून सगळं म्हणवून घेतलं. "म्हणजे लोणचं बंद," बाबा म्हणाले. "पास," ताई म्हणाली. त्यानंतर ते चार वर्षं जगले, आणि आपल्याला काय झालंय हे नीट माहीत असलेल्या माणसासारखे जगले.

अशी ही बाई, पण स्वतःचा रिपोर्ट आला तेव्हा मुलाला म्हणाली, "जरा सूज आहे." स्वादुपिंडाचा कर्करोग होता, यकृतापर्यंत गेलेला. तिला सगळं कळत होतं. निखिल हिंजवडीहून बसमध्ये दोन तास घालवून यायचा, मोठमोठ्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घ्यायचा, ऑपरेशनचं बोलायचा. मला तिचा रागच आला. म्हटलं, "अख्ख्या सोसायटीला सांगतेस, मग त्याला का नाही?" ती म्हणाली, "त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही गं... तू सांग. तुला येतं आता. आणि नुसतं सांगून उठू नकोस."

रविवारी सकाळी मी त्याला निळ्या स्टुलावर बसवलं. ताई आतल्या खोलीत होती, दार उघडं ठेवून. गाठ कुठे आहे, कुठवर पसरलीय, ती काढून का टाकता येणार नाही, दुखणं कमी ठेवायला काय करता येईल, सगळं सांगितलं. तो "ओके, ओके" म्हणत मान हलवत राहिला. शाळेत अशा माना मी रोज बघते. मग मला म्हणावंच लागलं, "आता तू मला सांग." इतकं निर्दय वाक्य मी आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं. "आईला..." एवढं म्हणून तो थांबला. पुढचं आलंच नाही. उठून आत गेला आणि तिच्या पायाशी बसला. अपॉइंटमेंट मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी रद्द केल्या आणि शेवटचे अडीच महिने आईजवळ राहून घरूनच काम केलं.

परवा तो माझ्याकडे ते स्टूल आणि कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा घेऊन आला. त्यातलं एक पान त्यानं वेगळं काढलं होतं. मागे पोटाचं चित्र होतं आणि ताईच्या अक्षरात एकच ओळ: 'निखिल, जठराच्या मागे एक ग्रंथी असते.' त्या ओळीखाली काहीच नाही. म्हणजे तिनं प्रयत्न केला होता...

तो आपणहून स्टुलावर बसला आणि त्यानं चित्रावर बोट ठेवलं. "त्या ग्रंथीत आईला गाठ झाली होती," तो म्हणाला. "कळलं तोवर ती यकृतात पसरली होती. काढता येणार नव्हती. तिला दुखू नये, एवढंच आपल्या हातात होतं... ते आपण केलं."

मी ऐकून घेतलं. कुठेही दुरुस्ती करावी लागली नाही.