काचेचं दार

आमच्या ऑफिसात मनाच्या आरोग्यासाठी एक खोली उघडली आहे. आत समुपदेशक मॅडम बसतात. दार काचेचं आणि समोर अख्खा विभाग. मंजुरी देणाऱ्यांना साधा पडदा सुचला नाही! आत कुणी जात नाही. शेजारच्या वॉटर कूलरवर मात्र सगळे जातात.

आज सावंतबाईंची बाटली भरून वाहत होती आणि नजर त्या दारावर होती. मागून कुणीतरी विचारलं, "बरंय ना, सावंतबाई?"

"हो हो, पाणी घेतेय," म्हणत त्या दचकून हसल्या आणि परतल्या.

बुडतानाही माणूस आधी काठावर कोण बघतंय ते पाहत असेल का?

मग मी उठलो. दारापाशी पोचलो तसं मॅडमनी आतून आशेने वर पाहिलं. मी कूलरकडे वळलो. हातातली माझी बाटली भरलेलीच होती. ती ओतून टाकली आणि पुन्हा नळाखाली धरली.