कोरड्या हातांची साक्ष

दादासाहेबांनी उपरण्याखाली माझा हात धरला आणि लगेच झटकून टाकला. मग आपला पंजा शेजारच्या बैलाच्या पाठीवर पुसला. सावकाश. सगळ्यांना दिसेल असा.

"हात हाये का बेडूक रे हा?"

बाजार हसला. मीही हसलो.

मी केदारखेड्याचा. बैलबाजारात दलाल. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून ठरवतात. माझ्या हातांचे तळवे लहानपणापासून घामानं गळायचे. हिवाळ्यातही. दादासाहेब मोठे बागायतदार. त्यांनी हात पुसला, मग सगळेच पुसू लागले. पुढं पुढं गिऱ्हाईक मला हातच देईना.

शहरात जाऊन ऑपरेशन केलं. दोन्ही बगलांतून दुर्बीण घालून छातीतली, हातांना घाम आणणारी नस कापतात. डॉक्टर म्हणाले, "थोडा घाम दुसरीकडे येऊ शकतो." थोडा. मी पुढचं काही विचारलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तळवे कोरडे होते. मी रडलो. बायकोच्या गालाला हात लावला.

पुढच्या बाजारी दादासाहेब म्हणाले, "आता माणसात आला." ते ऐकून मला आनंद झाला. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

उन्हाळा आला आणि कळलं. छातीखालचं सगळं अंग गळू लागलं. पाठ, पोट, मांड्या. खुर्चीवरून उठलो की बसल्या जागी ओल. घास तोंडात घातला की मानेवरून धारा. डाव्या डोळ्याची पापणी तर ऑपरेशनपासूनच अर्धी उतरलेली, ती कायमची; कोणी विचारलं तर वारं लागलं म्हणायचो. हात मात्र इतके कोरडे की भेगा पडल्या. परत डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "कापलेली नस जुळत नाही." मी काळे सदरे शिवून घेतले. आत दोन बनियन. बायकोला शपथ घातली, कोणाला सांगू नको. चादरी तीच धुते.

लेकीचे हात माझ्यावर गेलेत. पेपर लिहिताना ती हाताखाली रुमाल ठेवायची, तरी शाई फुटायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, ऑपरेशननं काही त्रास झाला का तुम्हाला?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो. बापाची लाज होती ती. दुसरं काही नाही.

यंदा मे महिन्यात दादासाहेब गाडी घेऊन घरी आले. त्यांच्या नात्यात माझ्या लेकीच्या लग्नाचं चाललं होतं. "पोरगी चांगली हाये. तेवढं हाताचं करून घेऊ. खर्चा माझा. बापाचं कसं बराबर झालं."

त्यांचा निरोप आधीच आला होता; लेकीनं दवाखान्यात जायची पिशवी भरून ठेवली होती. ती माझ्या हातांकडे बघून हसली. विश्वासानं.

मी सदरा काढला. दोन्ही बनियन काढले. तिच्याकडे पाठ केली. घाम कमरेपर्यंत वाहत होता.

"हे रोजचं हाये," मी म्हणालो. "तुझ्याशी खोटं बोल्लो मी."

दादासाहेब वैतागले. "अरे, पाठीचं काय घेऊन बसला? कपड्याखाली झाकतं. पोरीचे हात लोकं बघतात."

तेव्हा मला लख्ख दिसलं. मी बरा झालो की नाही, याच्याशी त्यांना कधी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या पंजाला ओल लागली नाही, एवढं पुरे होतं. आणि तेवढ्यासाठी मी माझं अंग कापून घेतलं.

"तुमच्या गाडीत ती बसणार न्हाई. निघा तुम्ही."

"उपकाराची जाण न्हाई तुला," म्हणाले आणि गेले.

लेकीनं भरलेली पिशवी कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाली, "तुमचे हात बघून मी देवाला मागून राह्यले होते. माझे बी असेच होऊ दे म्हणून."

आत गेली. अजून माझ्याशी बोलत नाही.

न बोलो. तिच्या अंगाचं काय करायचं ते तीच ठरवील. आधी दुसरे उपाय करील, नाही तर काहीच करणार नाही. पण जे करील ते माझ्या खोट्यावर नाही. आणि उद्या कोणी आपलं लेकरू घेऊन माझे हात बघायला आलं, तर मी हात दाखवणार नाही. सदरा काढणार. भर बाजारात काढावा लागला तरी.