पन्ह्याचं पाणी कुठलं?

माझ्या दाजींइतका नको तिथे नको ते विचारणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर सांगलीला, नोकरी होती साताऱ्याला, सरकारी आरोग्य खात्यात साथरोगतज्ज्ञ. म्हणजे डॉक्टर, पण औषध न देणारे. रोग कुठून आला, कुणाकुणाला गाठून गेला आणि आता कुणाकडे निघालाय, एवढंच शोधायचं. हे शोधणं त्यांनी कचेरीत ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण लग्नात अक्षता पडायच्या आधी हे स्वयंपाक्याला गाठून बर्फ कुठून आणला ते विचारणार. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर मुलीकडे न बघता मागच्या पिंपात टॉर्च मारून अळ्या शोधत बसले. दहाव्याला गेले की रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतात, "ताप किती दिवस होता?" आणि नमस्कार करताना समोरच्याचे डोळे पिवळे आहेत का ते पाहतात. माझी बहीण औंधला देवीच्या दर्शनाला त्यांना एकदाच घेऊन गेली. पुन्हा नेलं नाही.

उंब्रजजवळच्या आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कावीळ आली, आणि सरकारी जीपमधून दाजीच उतरले. तोवर सगळ्या गावाने नळाच्या पाण्यावर खापर फोडलं होतं. टाकी दोनदा धुऊन झाली होती. लोकांनी नळाचं पाणी प्यायचं सोडलं, आणि मी, उदार मनाने, माझ्या बोअरची मोटार सकाळ-संध्याकाळ चालू ठेवून आळीला पाणी देत होते. माझं घर आरशासारखं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

दाजी टाकीकडे फिरकलेच नाहीत. आळीतल्या प्रत्येक घरात जाऊन महिन्यापूर्वी काय खाल्लं, काय प्यायलं ते विचारत सुटले. "आवं सायेब, काल काय खाल्लं ते ध्यानात न्हाई, म्हैन्याचं काय इचारताय?" असं म्हणून बायका हसायच्या. हे वहीत लिहून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या पडवीत बसून, माझा चहा पीत म्हणाले, "शालन, आजारी बायकांचं झालं. आता ज्या आजारी पडल्या नाहीत त्यांची नावं सांग."

मी भडकले. "घरोघरी बायका पिवळ्या होऊन पडल्यात, आणि तुम्हाला धडधाकट बायका कशाला हव्यात?"

"त्यांनी काय केलं नाही, ते बघायचंय."

शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ तिथेच बसली होती. तिने आणि मी मिळून आठ नावं सांगितली. दाजींनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "यांच्यात सारखं काय आहे?"

मला त्याच क्षणी कळलं, आणि मी चहाचे कप उचलायला लागले. आठातलं एक नाव माझं होतं. बाकीच्या सात विधवा होत्या. माझी जाऊसुद्धा. माझे दीर जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

जाऊ पदराशी चाळा करत म्हणाली, "आमाला बोलावलं न्हवतं, दाजी. ह्या आक्कांकडं चैत्रातलं हळदीकुंकू झालं, तवा."

"काय दिलं होतं?"

"पन्हं," मी म्हणाले. "मला साखर आहे, म्हणून मी घेतलं नाही."

"पाणी कुठलं?"

"नळाचं."

त्यांनी वहीचं पान उलटलं. पाणी सोडणाऱ्याला आधीच गाठून ठेवलं होतं या माणसाने. "त्या दिवशी नळ आला नव्हता, शालन."

माझ्या घरात बसून, माझ्या मेहुण्याने, माझ्या जावेसमोर मला खोटं पाडावं! मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. कधी नव्हे ते बोअरचं पाणी वापरलं होतं, इतकंच. दाजी उठून परसात गेले. दिवाळीत बांधलेल्या नव्या संडासाच्या शोषखड्ड्यापासून बोअरपर्यंत पावलं मोजली. अकरा भरली. तो खड्डा घेताना त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "लांब घे." मी म्हटलं होतं, "जागा माझी आहे."

"आता हे पाणी कोण पितं?" त्यांनी विचारलं.

जावेचा चेहरा उतरला. "सगळी आळी. आन् आमची पल्लवीबी. आठ दिसांखाली बाळंतपणाला आलीय न्हवं. नळाचं नको म्हणून मीच रोज कळशी नेती. सातवा लागलाय, दाजी."

दाजींनी मोटारीचा फ्यूज काढून खिशात टाकला. आणि तडक पल्लवीचे डोळे बघायला शेजारी धावले. तेवीस वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतते, हे त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. त्याच संध्याकाळी मी आळीत दारोदार गेले आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, माझं पाणी पिऊ नका. काहीजणींनी दारातून आत घेतलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

पुढचे दोन महिने दाजींचा रोज सकाळी फोन. "डोळे पांढरे आहेत? लघवी कशी? भूक?" जाऊ वैतागून म्हणायची, "लय छळत्यात!" आणि फोन वाजायच्या आत पल्लवीला उजेडात उभी करायची. मुलगी झाली. दोघीही ठणठणीत. बारशात सरपंचांनी देवीचे आभार मानले, कऱ्हाडच्या डॉक्टरांचे मानले, बोअर बंद केल्याबद्दल चक्क माझेही मानले. दाजींचं नाव नाही! मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. दाजी मागे पाण्याच्या जारचं झाकण उघडून आत वाकले होते. त्यांना पत्ताही नव्हता.

यंदा चैत्रात मी हळदीकुंकवाची बोलावणी आधी त्या सात घरी केली. आळीत कुजबुज झाली, ती होऊ दिली. जावेने कुंकू लावून घेतलं, पेला हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी कुठलं वं, आक्का?" बायका पोट धरून हसल्या.

दाजी आता निवृत्त होऊन सांगलीला असतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. आधी "उकळलं होतंस ना?" झालं. मग मोजणी सुरू झाली.

"सातही जणी आल्या?"

"आल्या. सगळ्यांनी पन्हं घेतलं."

"म्हणजे आता काही झालं तर मी शोधायचं कसं?" ते म्हणाले. आवाज जड झाला होता. मी म्हटलं, सर्दी झाली असेल, आणि फोन ठेवला. किती दिवसांपासून आहे, ते मात्र त्यांच्यासारखं विचारायला हवं होतं.